तंजावरला जाताय? मग सणाची तारीख बघून जा आणि कारागिरांसाठी दोन दिवस वेगळे ठेवा

आपल्याकडचे बहुतेक लोक तंजावर बघतात ते रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारी टूरमधे. सकाळी बस मोठ्या देवळापाशी थांबते, दीड तास बृहदीश्वर, अर्धा तास राजवाडा, "इथे भोसल्यांचं राज्य होतं बरं का" असं टूरवाला माइकवर सांगतो, सगळे खूश होतात आणि जेवण उरकून बस पुढे निघते. नुसतं देऊळ बघितलं तरी पैसे वसूल होतात, त्याबद्दल वाद नाही, पण चित्रं काढणारे, वीणा कोरणारे, बाहुल्या करणारे, पितळ ठोकणारे असे जे लोक या गावात आणि आसपास अजून काम करतायत ते दीड तासात दिसत नाहीत. त्यासाठी आख्ख्या सहलीला किमान चार दिवस हवेत, आणि जमलंच तर त्यातला एक दिवस सणाचा असावा.

तर आधी तारखेचं बघू, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं.

सगळ्यात सोपा मुहूर्त म्हणजे आपली संक्रांत. आपल्या भोगीच्या दिवशी तिकडेही भोगीच असते, फक्त आपण बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खातो आणि ते पहाटे दारात जुनं सामान जाळतात. दुसऱ्या दिवशी पोंगल, नव्या तांदळाचा गोड भात अंगणात चुलीवर उतू जाईपर्यंत शिजवायचा, आणि आपल्याकडे ज्या दिवशी किंक्रांत म्हणून काहीच करत नाहीत त्या दिवशी तिकडे माट्टु पोंगल, म्हणजे गाईबैलांचा दिवस, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, थोडक्यात आपला पोळा. बृहदीश्वराच्या देवळातला तो अवाढव्य दगडी नंदी माहीतच असेल, त्याला त्या दिवशी भाज्या, फळं आणि मिठायांनी मढवतात. वांगी, भोपळे, गाजरं, मुळे, केळी, काय काय लटकवलेलं असतं, नंदीचा दगड जवळजवळ दिसेनासा होतो. देवळात गाईंचीही पूजा असते. गर्दी भयंकर असते पण ती घरच्या लोकांची गर्दी असते, म्हणजे पोरंबाळं घेऊन आलेली, त्यामुळे त्रास वाटत नाही.

गाण्याची आवड असेल तर मात्र पोंगल सोडा आणि पौष वद्य पंचमी धरा. कालनिर्णय उघडा, ती तिथी बघा, जानेवारीत नाहीतर फेब्रुवारीत येते. तंजावरपासून साधारण १३ किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवय्यारू आहे, तिथे संत त्यागराजांची समाधी आहे (१८४७ मधे गेले ते), आणि पुण्यतिथीला तिथे आराधना असते. मांडवात समोरासमोर ओळी करून शेकडो गायक-वादक जमिनीवर बसतात, त्यात मोठमोठे कलाकारही असतात आणि नुकतं शिकायला लागलेली पोरंही, आणि सगळे मिळून त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती म्हणतात, नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या, याच क्रमाने. माइकचा आवाज कर्कश असतो, बसायला जागा मिळत नाही, मधेच कोणीतरी ताल सोडतं, आणि तरीही मी सांगेन की जा. पंचरत्नं सकाळी असतात, तेव्हा उजाडताच तिथे पोचा. तिकीट वगैरे काही नसतं. एक गोष्ट माहीत असू द्या, ही समाधीची जागा पडीक झाली होती ती बेंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःचे दागिने विकून उभी केली, आणि बायकांनी तिथे गावं म्हणून भांडलीसुद्धा. तिची समाधी तिथेच आहे, तिकडेही जाऊन या.

आणखी मुहूर्त हवे असतील तर महाशिवरात्रीला मोठ्या देवळात नृत्याचा उत्सव असतो, भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली असतील घरात तर हा बघाच, कारण आज जो भरतनाट्यमचा कार्यक्रम आपण बघतो त्याची बांधणी ज्या चार भावांनी केली ते तंजावर दरबारचेच, तिथले भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातले. चैत्रात (त्यांचा चित्तिरै, एप्रिल-मे) रथोत्सव असतो, तो जवळजवळ शंभर वर्षं बंद होता आणि २०१५ मधे परत सुरू झाला. ऊन मात्र मरणाचं असतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन नका जाऊ. आषाढात वाराही देवीचं नवरात्र असतं. आणि ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे, शततारका नक्षत्रावर राजराज चोळाची जयंती असते आणि त्याच महिन्याच्या पौर्णिमेला अन्नाभिषेक, त्यात आख्खं शिवलिंग शिजवलेल्या भाताने झाकतात. हे दोन्ही जबरदस्त आहे, फक्त लक्षात ठेवा की आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत छत्रीशिवाय गेलात तर हाल होतील.

पोचायचं कसं हे पटकन सांगतो. जवळचा विमानतळ तिरुची, तिथून तंजावर साठेक किलोमीटर, बस-ट्रेन-टॅक्सी सगळं आहे. रेल्वेने जायचं तर चेन्नई गाठा आणि तिथून रात्रीची उळवन एक्सप्रेस, सकाळी तंजावर. या गाड्या एग्मोरच्या बाजूने जातात, चेन्नई सेंट्रल वेगळं स्टेशन आहे, तेव्हा तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा आणि मधे दोन-तीन तासांची फट ठेवा. पोंगलला सगळं तमिळनाडू गावी निघतं, त्यामुळे तेव्हाचं रिझर्वेशन उघडल्या उघडल्या करा, नंतर मिळणार नाही. हॉटेलचंही तेच. रूम जुन्या बसस्टँडच्या किंवा स्टेशनच्या आसपास घ्या, देऊळ आणि राजवाडा दोन्ही जवळ पडतं.

हिंदीची फार आशा ठेवू नका, मोडक्या इंग्रजीत काम होतं. बाकी दुकानदाराला अण्णा आणि बाईंना अक्का म्हणा, हे तर आपल्याला शिकावं लागत नाही, आणि नको असेल तर वेंडाम. ऑटोवाल्याशी भाडं बसायच्या आधी ठरवा, मीटरच्या नादी लागू नका.

आता देऊळ. पहिल्या दिवशी दोनदा जा, सकाळी सहाला आणि परत संध्याकाळी. दुपारी साडेबारा ते चार बंद असतं, आणि असंही दुपारी तो दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही, पिशवीत मोजे ठेवा. राजराज चोळाने १०१० मधे पूर्ण केलेलं हे देऊळ आणि त्याचं दोनशे फुटांवरचं शिखर याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलंय ते मी परत सांगत नाही. फक्त "शिखराची सावली जमिनीवर पडत नाही" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि संध्याकाळी स्वतःच बघा, व्यवस्थित पडते.

मराठी माणसाने तिथे बघायची गोष्ट वेगळीच आहे. बाहेरच्या प्राकाराच्या ओवऱ्यांत नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे जा, तिकडे दुसऱ्या सरफोजींनी पुन्हा बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि तिथल्या भिंतींवर १८०३ मधे कोरून घेतलेला मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याचा आख्खा इतिहास, भिंतीमागून भिंत. जगातल्या लांबलचक शिलालेखांत तो धरतात. अक्षर आपलं बाळबोध, भाषा सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे सावकाश वाचत गेलं की ओळी लागायला लागतात. टूरची बस इथपर्यंत येतच नाही. मात्र एक विनंती, तिथे जाऊन "आपलं देऊळ, आपलं देऊळ" करत घोषणा देऊ नका. देऊळ चोळांचं, नंदीचा मंडप नायकांचा, मराठे नंतर आले, १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे, आणि १८५५ पर्यंत राहिले. आलेल्या प्रत्येकाने त्यात आपली भर घातली, आहे ते मोडलं नाही, हे जास्त कौतुकाचं आहे असं मला वाटतं.

राजवाड्यात तिकीट काढताना नीट बघा, आत वेगवेगळी दालनं आहेत आणि तिकिटंही वेगळी असतात. वेळ कमी असेल तर दोनच करा, चोळ काळातल्या ब्राँझच्या मूर्तींची आर्ट गॅलरी आणि सरस्वती महाल. सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे, त्यातला म्युझियमचा छोटा भागच आपल्याला बघायला मिळतो, पोथ्या अभ्यासकांसाठी आत आहेत, तमिळ, संस्कृत, तेलुगू, मराठी, आणि मोडी कागदांचा तर ढीग. त्यांची स्वतःची प्रकाशनं विकायला असतात, त्यात मराठीही असतात, किमती अगदी कमी. ब्राँझ गॅलरी मात्र घाईने करू नका, का ते कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला गेल्यावर कळेल.

तर आता कारागीर.

तंजावर चित्रं विकणारी दुकानं राजवाड्याच्या रस्त्यावर पावलोपावली आहेत. आधी दुकानात किंमत विचारू नका, काम कुठे चालतं ते विचारा. बरेच जण मागच्या खोलीत नाहीतर वरच्या माळ्यावर नेऊन दाखवतात. प्लायवूडवर कापड चिकटवलेलं असतं, त्यावर खडूच्या पुडीचे आणि डिंकाचे थर देऊन, घासून गुळगुळीत केलेलं, त्यावर पेन्सिलीने बाळकृष्ण नाहीतर लक्ष्मी. मग खरी गंमत, मक्कु. म्हणजे तीच खडूची पूड आणि डिंक दाट कालवून दागिने, खांब, महिरप जिथे जिथे उठून दिसायला हवं तिथे ते ब्रशने चढवतात, वाळलं की परत चढवतात. ते ओलं असतानाच त्यात खडे बसवतात, हे खडे जयपूरहून येतात. मग त्यावर सोन्याचा वर्ख, तो कात्रीने कापून, डिंक लावून, दाबून दाबून खड्याच्या कडेपर्यंत नेतात, आणि रंग सगळ्यात शेवटी, त्यातही डोळे सगळ्यात शेवटी. एका कामाच्या जागी एक बाई नुसत्या कृष्णाच्या कंबरपट्ट्याचा वर्ख बसवत होत्या, बोटाएवढा भाग, मी चहा पिऊन आलो तरी तोच चालू होता.

घेताना काय बघायचं तर वर्ख २२ कॅरेटचा आहे का हे विचारा आणि तसं बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे घेऊ नका, नकली वर्ख काही वर्षांत काळपट पडतो. चित्र तिरकं धरून बघा, खडे मक्कुत रुतलेले हवेत, वरून चिकटवलेले नकोत. चेहरा जवळून बघा, स्वस्त कामात सोनं भरपूर आणि चेहरा मात्र ओढूनताणून काढलेला असतो. माझं मत विचाराल तर मोठं पण उरकलेलं चित्र घेण्यापेक्षा त्याच पैशात लहान आणि नीट केलेलं घ्या. भाव करायचा तर दुकानात करा, कारागिराच्या घरी बसून करू नका, ते बरं दिसत नाही.

वीणेसाठी थोडं शोधावं लागतं. वीणा करणारी घरं गावात आहेत, हॉटेलवाल्याला विचारा, संगीताच्या सामानाच्या दुकानात विचारा, कोणीतरी घेऊन जातं. ज्यांनी मिरजेत सतारमेकर गल्ली बघितलीय त्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल, तोच लाकडाचा भुसा, तेच कमी बोलणारे लोक. पण मिरजेत भोपळा असतो, इथे सगळं फणसाचं लाकूड, पण्रुटीकडून येतं, कारण तिकडे फणस भरपूर. कुडम म्हणजे खालचा गोल भाग आतून कोरून कोरून पोकळ करतात, भिंत इतकी पातळ की टिचकी मारली की बोलते. साध्या वीणेत कुडम, दांडी आणि वरचं याळीचं (सिंहासारखा एक काल्पनिक प्राणी) तोंड वेगवेगळं करून जोडतात, एकांत वीणा मात्र एकाच ओंडक्यातून निघते, आणि तिची किंमत ऐकून आपण गप्प बसतो. २४ पडदे मेणात बसवलेले असतात, आणि ते बसवणारा माणूस कानाने बसवतो, खालीवर करत, तार छेडत. हे काम चालू असेल तर तिथे बोलू नका, फोन सायलेंटला टाका. वीणा घ्यायची असेल तर सोबत वाजवणारं कोणीतरी न्याच, आणि मेणाचं असल्यामुळे ती बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही, पडदे सरकतात. २०१३ मधे तंजावर वीणेला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

मान डोलावणाऱ्या बाहुल्या सगळ्यांना माहीत आहेत, घरोघरी शोकेसमधे एक असतेच. त्यात दोन जाती आहेत. एक राजा-राणी, बुड गोल आणि जड, कितीही ढकला उभी राहते. दुसरी नाचणारी, तिचा घागरा, धड आणि डोकं वेगळे असतात आणि एकावर एक टांगलेले असतात म्हणून वाऱ्यानेही हलतात. राजा-राणी घेताना टेबलावर पूर्ण आडवी करून सोडा, उभी राहिल्यावर सरळच राहिली पाहिजे, एका बाजूला कलली तर मातीचं वजन नीट बसलेलं नाही. हल्ली प्लास्टिकच्याही मिळतात, हातात घेतल्या की कळतं. नवरात्राच्या आधी गेलात तर कोलूच्या बाहुल्यांची दुकानंच्या दुकानं लागतात, तिकडे नवरात्रात घरात पायऱ्या मांडून बाहुल्या ठेवतात ना, त्या. पुन्नैनल्लूर मारिअम्मनच्या देवळाकडेही बाहुल्या मिळतात, गावाच्या पूर्वेला आहे, आणि ते देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं असं सांगतात, म्हणजे एका फेरीत दोन कामं.

आर्ट प्लेट म्हणजे पितळी ताटावर चांदीची आणि तांब्याची उठावाची चित्रं. चांदीचा पत्रा साच्यावर ठोकून आकार काढतात आणि मग ताटात बसवून बारीक छिन्नीने कोरतात. सत्काराला देतात तशी चीज आहे, घरात कुठे लावायची हा प्रश्नच पडतो, मला फारसं प्रेम नाही. घेणार असाल तर चांदी किती आणि मुलामा किती हे स्पष्ट विचारा. कुठे काय भाव आहे याचा अंदाज यायला आधी पूम्पुहारच्या सरकारी दुकानात एक फेरी मारा, तिथे किंमती लावलेल्या असतात.

एक आख्खा दिवस कुंभकोणमच्या बाजूला ठेवा, ४० किलोमीटर, बस सारख्या सुटतात. वाटेत स्वामिमलै उतरा. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा मुख्य स्थानांतलं एक तिथे आहे, ६० पायऱ्या चढून दर्शन घ्या आणि खाली मूर्तिकारांच्या गल्लीत शिरा. पंचधातूच्या मूर्ती अजून चोळांच्या वेळच्याच पद्धतीने ओततात. आधी आख्खी मूर्ती मेणाची करायची, मेणात राळ मिसळलेली असते. मापं कशाने घेतात तर नारळाच्या झावळीच्या पातीने, मूर्तीच्या उंचीची पाती कापायची, तिला घड्या घालायच्या, आणि त्या घड्यांवरून चेहरा किती, छाती किती, पाय किती ते ठरतं, टेप नाही काही नाही. मग त्या मेणावर कावेरीच्या गाळाची अगदी बारीक माती लिंपतात, सुकली की वर जाड माती, मग तार गुंडाळतात. गोवऱ्यांवर तापवलं की मेण भोकातून वाहून जातं आणि त्या पोकळीत रस ओततात. गार झाल्यावर साचा फोडायचा, म्हणजे एका साच्यात एकच मूर्ती, दुसरी हवी तर पहिल्यापासून सुरुवात. हे बघितल्यावर राजवाड्यातल्या ब्राँझकडे परत जावंसं वाटतं, म्हणून मी म्हणतो आर्ट गॅलरीसाठी एक तास शेवटच्या दिवशी राखून ठेवा. ओतण्याचं काम रोज नसतं, आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि भट्टीपाशी लहान मुलं नेऊ नका.

मूर्ती घेतलीत तर बिल जपून ठेवा. परदेशात राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, जुनी दिसणारी मूर्ती बाहेर नेताना ती पुरातन नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट लागू शकतं, ते दुकानदाराकडून आधीच मिळवून घ्या, विमानतळावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

त्याच बाजूला नाच्चियारकोविलच्या पितळी समया, त्यांचे भाग स्क्रूने सुटे होतात म्हणून बॅगेत आणायला सोप्या, आणि तिरुभुवनमला रेशमी साड्या, तिथे विणकरांच्या सोसायटीचं दुकान आहे. दारासुरमचं चोळ मंदिर वाटेतच आहे, तासभर द्या. आणि वारकरी घरातले असाल तर गोविंदपुरमचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ बघून या, तमिळ लोक मराठी अभंग म्हणताना ऐकणं हा प्रकार एकदा अनुभवाच. आपलं कीर्तन तंजावरच्या दरबारात गेलं आणि तिथल्या हरिकथेत मिसळलं, साकी-दिंडी-ओवीसकट.

खाण्याचं काय, केळीच्या पानावरचं जेवण, कुंभकोणमची डिग्री कॉफी, सकाळी इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचं कालवण) मिळाला तर सोडू नका, आणि तिरुवय्यारूचा अशोका हलवा, मुगाच्या डाळीचा, तूप हातावरून ओघळतं. डब्यात घरी आणायला हाच बरा, दोन-तीन दिवस टिकतो.

शेवटचं, सामान आणायचं कसं. चित्र काचेची फ्रेम न करता घ्या किंवा ॲक्रिलिक लावून घ्या, फ्रेम आपल्या गावी होते. बाहुलीचे भाग सुटे करून प्रत्येक भाग वेगळ्या कपड्यात गुंडाळा. मोठी मूर्ती किंवा वीणा असेल तर कारागीरच लाकडी खोका करून पाठवतात, पण निघायच्या आधी खोका बंद करण्यापूर्वी त्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि कुरिअरची पावती कोणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. ऑर्डर द्यायची असेल तर पहिल्याच दिवशी द्या, सणाचे दिवस असतील तर कोणी काम घेतच नाही, पोंगलला चार दिवस गाव बंद असल्यासारखंच असतं.